पूर्ण वजनाचे दुकान

नगरमध्ये आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एक किराणा दुकान आहे. नाव छापू नये अशी मालकांची विनंती असल्यामुळे ते देत नाही. आसपासचे वाचक वर्णनावरून ओळखतीलच. गेली सहा वर्षे आमच्या घरचा महिन्याचा किराणा तिथूनच भरला जातो. मालक ख्रिस्ती आहेत, आमच्याच चर्चच्या मंडळीतले आहेत, परंतु आपला माणूस म्हणून कौतुक करावे, एवढ्यासाठी हा अभिप्राय लिहीत नाही. देवाला संतोषवणारे जीवन कसे असते, हे मी अनेक उपदेशांतून ऐकले आहे. ते रोजच्या व्यवहारात कसे दिसते, हे मात्र मला या गल्ल्यापाशी उभे राहून कळले.

सर्वांत आधी काट्याविषयी सांगितले पाहिजे. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसेल अशा बाजूला आहे. मालक काका आधी रिकामा डबा किंवा पिशवी काट्यावर ठेवतात, आकडा शून्यावर आणतात, आपण तो पाहिला याची खात्री करून घेतात आणि मगच माल ओततात. गुळाच्या ढेपेवरचा कागदही ते सोलून बाजूला ठेवतात. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण एका नाताळच्या आधी मी दुसऱ्या एका दुकानातून पाव किलो काजू पुठ्ठ्याच्या खोक्यासकट तोलून घेतले होते आणि घरी खोका काढून तोलल्यावर ते वीस ग्रॅमने कमी भरले होते. त्या दुकानात गल्ल्याच्या मागे शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, वचन मोठ्या अक्षरांत लावलेले होते. वचन लावण्यात काहीच गैर नाही. १८३१मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या मराठी मिशनचे काम सुरू झालेल्या या शहरात कितीतरी ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर वचने आहेत आणि माझ्याही घरात आहे. पण काकांच्या काट्यामागे वैध मापन विभागाचे पडताळणीचे प्रमाणपत्र आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची ही पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, आणि त्यावरची तारीख मला कधीही उलटून गेलेली दिसली नाही.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचे पहिलेच वचन तराजूविषयी आहे: खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो आणि पूर्ण वजनाने त्याला संतोष होतो. मूळ हिब्रूमध्ये वजनासाठी ‘दगड’ हाच शब्द आहे, कारण त्या काळचे व्यापारी दगडाची वजने थैलीत घेऊन फिरत. म्हणूनच थैलीत लहान-मोठी अशी दोन प्रकारची वजने बाळगू नका, अशी आज्ञा बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे. देवाचा संतोष शास्त्राने इथे थेट बाजारात आणून ठेवला आहे, आणि आपण मात्र तो बहुधा उपासनेच्या दीड तासात शोधतो, याची मला मनापासून खंत वाटते.

रविवारी दुकान पूर्ण बंद असते. आमोसाच्या पुस्तकातले व्यापारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, केव्हा संपतो आणि माप लहान करून गव्हाचे भूस केव्हा विकतो, याची वाट पाहत बसतात. ते वाचताना मला नेहमी हे दुकान आठवते, कारण इथे सोमवारचा काटा रविवारच्या प्रार्थनेशी प्रामाणिक असतो. तंबाखू-सुपारी ते ठेवत नाहीत. गुटख्यावर तर राज्यात २०१२मध्येच बंदी आली.

एका संध्याकाळी पोती उतरवणाऱ्या हमालाची मजुरी द्यायची राहिली होती आणि गल्ल्यात सुटे पैसे नव्हते. ‘उद्या द्या, मालक,’ असे तो स्वतःच म्हणत होता. काकांनी समोर उभ्या असलेल्या मला, ‘ताई, दोनच मिनिटे थांबा,’ असे म्हटले, शेजारच्या दवाखान्यातून नोट मोडून आणली आणि त्याच्या हातावर पैसे ठेवल्यानंतरच माझी साखर तोलली. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, हा बायबलमधल्या लेवीय पुस्तकातला नियम त्यांनी तोंडाने सांगितला नाही. उधारीच्या वहीचेही तसेच आहे. गेल्या वर्षी माझ्या खात्यावर साखर चुकून दोनदा लिहिली गेली होती. माझ्या ते लक्षातही आले नव्हते, पण ते चाळीस रुपये घेऊन स्वतः घरी आले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. माल मोजका असतो. एकाच वस्तूचे चार ब्रँड हवे असतील तर इथे निराशा होईल. तूरडाळ आणि शेंगदाणे मोठ्या दुकानांपेक्षा किलोमागे पाच-दहा रुपयांनी महाग पडतात. मात्र डाळ चाळलेली असते, शेंगदाण्यांतले खवट दाणे वेचलेले असतात, त्यामुळे मला हा भाव रास्त वाटतो. तोलण्याच्या या पद्धतीमुळे वेळ लागतो आणि शनिवारी संध्याकाळी तर अर्धा तास सहज जातो. माल घरपोच मिळत नाही, ही वयस्कर गिऱ्हाइकांची खरी अडचण आहे. तेवढी सोय त्यांनी करावी, असे मी त्यांना दोनदा सुचवले आहे. नवा माल बुधवारी येतो, म्हणून गुरुवारी सकाळी जावे आणि डबे घरचेच न्यावेत.