पाच महिने मधमाशीच्या पेट्या वापरल्यावर: पेटी चांगली, पण दार आधी बघा

डिसेंबरात चार पेट्या विकत घेतल्या, मेलिफेरा (पेटीत पाळतात ती युरोपीय माशी), प्रत्येकी आठ फ्रेम भरलेल्या. एकीला साडेसात हजार, वर गाडीभाडं ८००. कांद्याच्या बियाण्याचा एक एकर प्लॉट आहे, चांदवड तालुक्यात, बी धरायला माशी लागते. पेटी म्हणजे काय, राणी कशी ओळखायची, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे, म्हणून ते लिहीत नाही. लिहिण्याचं कारण पेट्या देणाऱ्याशी झालेलं भांडण. ते अजून मिटलेलं नाही.

त्यांनी पेट्या आणल्या, रस्त्याकडेला ओळीत ठेवल्या आणि दारं पश्चिमेला केली, कारण गाडी तिकडून आली होती. मी विचारलं, "दादा, तोंड असंच ठेवायचं का?" ते म्हणाले, "ताई, माशीला दिशा कळते, तुम्ही काळजी करू नका." मी काळजी केली नाही, आणि माझा सगळा जानेवारी त्यात गेला.

आपल्याकडची जानेवारीतली सकाळ कशी असते ते निफाड-चांदवडच्या माणसाला सांगायला नको. माझ्याकडे किमान-कमाल दाखवणारं थर्मामीटर आहे, रोज वहीत लिहिते. सकाळी आठला ९, कधी १० अंश. मेलिफेरा साधारण १३ अंशांच्या खाली कामाला निघत नाही. हवा साडेनऊला १५ वर जायची, पण पेटीच्या तोंडावर दुपारपर्यंत सावलीच. माश्या जोमाने बाहेर पडायला सव्वादहा. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की तो थेट दारात. पुढं ऊन तापलं की कांद्याच्या फुलातला रस इतका घट्ट होतो की माशीला ओढायला जड जातं. म्हणजे कामाची वेळ दोन्हीकडून कापली गेली.

फोन केला. म्हणाले, पेटी जागची हलवू नका, माश्या वाट चुकतील. खरं आहे. पण मग येऊन तुम्हीच फिरवून द्या, असं म्हटलं तर उत्तर आलं की फेरीचे ६०० रुपये वेगळे. साडेसात हजारांच्या पेटीला तोंड नीट करून देण्याचे ६०० रुपये! मी नाही दिले. दोन पेट्या आम्हीच फिरवल्या. रात्री दाराला जाळी लावून तीन रात्रींत थोडी थोडी करून दार पूर्वेला आणलं. प्रत्येक सकाळी दारासमोर कडुनिंबाची फांदी आडवी धरली, म्हणजे माशी बाहेर पडताना थबकते, घिरट्या घालून जागा नव्याने बघून घेते. उरलेल्या दोन मुद्दाम तशाच ठेवल्या.

मग साडेनऊला मोबाइलवर घड्याळ लावून एका मिनिटात किती माश्या बाहेर पडतात ते आठ दिवस मोजलं. पश्चिमेच्या पेट्यांतून सहा-सात. पूर्वेच्या पेट्यांतून तीसच्या आसपास. जागा तीच, दोन पावलांचं अंतर. वसाहती कमी-जास्त जोमाच्या असतील म्हणून नवव्या दिवशी उरलेल्या दोनही फिरवायला घेतल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याही तिशीला पोहोचल्या. घरचे म्हणाले, सारखं दार दार काय लावलंयस? पण एका पेटीमागं रोज सकाळचा तास वाचत असेल, तर चार पेट्यांचे चार तास होतात, आणि फुलोरा काही महिनोन्‌महिने चालत नाही.

हे बदामवाल्यांना आधीपासून ठाऊक आहे. कॅलिफोर्नियात बदामाचा फुलोरा फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो, म्हणजे आपले कांद्याचे गोंडे, फुलांचे गेंद, फुललेले असतात तेव्हाच. तिथं १३ लाखांहून जास्त एकर बदाम आहे आणि एकरी साधारण दोन पेट्या भाड्याने आणतात. थंडी, पाऊस, वारा यांतून माशीला उडायला मिळतात तेवढे तास मोजून शेतकरी जीव मुठीत धरून बसतो. नॉनपरेलसारख्या जातीचं फूल स्वतःच्या परागावर फळत नाही, शेजारच्या ओळीत दुसरी जात लागते आणि मधे ने-आण करायला माशी. पेट्यांची तोंडं शक्यतो सकाळच्या उन्हाकडे, हे तिथं साधं शहाणपण आहे. आपल्या नाशकात तो बदाम येत नाही, त्याला हिवाळ्यात लागते तेवढी थंडी इथं मिळत नाही. दारातला देशी बदाम वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण सकाळ तर सारखीच आहे.

आता जे मी चुकीचं समजत होते ते. जानेवारीअखेर माझं मत होतं की पेट्याच खराब दिल्या. दारं फिरवल्यावर माश्या भरपूर निघू लागल्या, पण माझ्या गोंड्यांवर तितक्या दिसेनात. त्यांच्या मागं मागं बांधापर्यंत गेले तर सगळा मेळा शेजारच्या धण्यावर. तेव्हा फार राग आला. आपण पैसे घातले आणि काम दुसऱ्याच्या रानात. नंतर कळलं की दोष माशीचा नाही. कांद्याच्या फुलातल्या रसात पोटॅशियम फार असतं, माशीला तो रुचत नाही. जवळ दुसरं काही फुललेलं असेल तर ती तिकडे जाते आणि एकदा सवय लागली की तिथंच फिरते. बदामाच्या बागेत ही अडचण नाही, त्या वेळी तिथं माशीला त्याच्याहून चांगलं फारसं काही नसतं. म्हणून कांद्यात पेटी फुलोरा थोडा, दहा टक्के म्हणू, उघडल्यावरच आणायची. मी डिसेंबरातच आणून बसवली, डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, नुकते वर येत होते. ही चूक माझी. हे पेट्या देणाऱ्याने सांगायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं, कारण कांद्यासाठीच घेते आहे हे त्यांना माहीत होतं.

धणे संपले आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून माश्या गोंड्यांवर आल्या.

आणि ज्याची अपेक्षाच नव्हती ते म्हणजे फुलोरी, आपली बारकी रानातली मधमाशी. बांधावरच्या बोरीत तिचं हाताच्या पंजाएवढं पोळं होतं, दरवर्षी असतं, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. दुपारी एक-दोनला, मेलिफेरा कमी झाल्यावर, गोंड्यांवर हीच बारकी माशी. उन्हाचं तिला काही नाही. एका गोंड्यावर शेकड्यांनी फुलं, ती दोन-तीन आठवडे थोडी थोडी उघडतात, आणि प्रत्येक फुलाचा पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे एकच फूल अनेकदा शिवावं लागतं. ते काम ही माशी फुकट करत होती. आमचे सासरे दरवर्षी तो बांध पेटवायचे. यंदा मी त्यांना बोरीपाशी नेऊन दाखवलं, "आबा, एवढा तुकडा राहू द्या." त्यांनी राहू दिला. फुलकिड्यांची फवारणीही फुलोऱ्याआधी उरकली. नंतर एकदा दिरांनी पंप भरला होता, तो मी रिकामा करायला लावला. त्यावरून दोन दिवस अबोला होता.

फायदा झाला का, तर हो. फुलं उघडायच्या आधी दहा गोंड्यांना मलमलच्या पिशव्या बांधल्या होत्या. एप्रिलमध्ये सोनाराच्या काट्यावर तोललं. झाकलेल्या गोंड्यांत सरासरी अर्धा ग्रॅमही बी नाही, बरंचसं पोचट. पेट्यांजवळच्या उघड्या गोंड्यांत पावणेतीन ग्रॅम. लांबच्या कोपऱ्यात दोनच्या थोडं वर, म्हणून पुढच्या वेळी पेट्या एका ओळीत न ठेवता दोन-दोन करून दोन टोकांना. हजार दाण्यांचं वजन ३.४ ग्रॅम भरलं, चांगलं आहे. एकूण उळं, म्हणजे कांद्याचं बी, दोन क्विंटल नव्वद किलो निघालं, गेल्या वर्षी दोन क्विंटल तीस होतं. सगळी वाढ माश्यांची असं म्हणणार नाही, यंदा पाणीही नीट मिळालं. पण मलमलच्या पिशव्यांनी माझी खात्री पटवली.

बाकी किरकोळ. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले नाहीत तर मुंग्या चढतात, पहिल्याच आठवड्यात चढल्या. समोरच्या तारेवर वेडे राघू बसतात आणि उडत्या माश्या टिपतात, त्यावर मला उपाय सापडलेला नाही. एका पेटीतली राणी मार्चमध्ये गेली. बदलून मागितली तर "जिवंत मालाची हमी नसते" म्हणाले. ते मी समजू शकते. ६०० रुपये मात्र समजू शकत नाही. राणी गेलेली पेटी शेजारच्या पेटीला वर्तमानपत्राचा कागद मधे घालून जोडली, जमलं. मध मिळाला सहा किलो, धण्याचा वास येणारा, फार छान.

आता मे आहे, रानात फूल नाही. पेट्या आंब्याखाली सावलीत, दर चार दिवसांनी साखरेचा पाक. साखरेचा खर्च महिन्याला पेटीमागं दोनशेच्या घरात जातो, घेताना हा धरून चाला. तीन पेट्या पावसाळ्यानंतरपर्यंत टिकल्या तर चौथी विकत घ्यायची गरज नाही, विभागून होईल.

गेल्या आठवड्यात गवंडी आला होता. प्लॉटच्या दोन्ही टोकांना सिमेंटचे पायथे करून घेतले, आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने पूर्वेकडे बाण काढला.