गुजराती टायपिंग: डोंगलपासून सुटलो, पण र आणि २ ने जीव खाल्ला

जुन्या गुजराती सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालायला कॉम्प्युटरला लावून ठेवावी लागणारी छोटी चावी, ऐन दिवाळीच्या तोंडावर गेलं. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, त्या आवृत्तीचं डोंगल बदलून मिळत नाही, नवीन लायसन घ्या. एकदा पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू पुन्हा पूर्ण पैसे मोजून घ्यायची? मी साफ नाही म्हटलं आणि विंडोजमध्ये जे फुकट मिळतं त्यावर काम सुरू केलं. आमचं बडोद्यात डीटीपीचं दुकान आहे, गिऱ्हाईक गुजराती आणि मराठी दोन्ही. म्हणजे रोजच्या धंद्यात घासून पाहिलेला हा अनुभव आहे.

सुरुवात फोनेटिक कीबोर्डने केली. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून ते विंडोज १० मध्ये आहे. रोमनमध्ये लिहायचं आणि खाली येणाऱ्या पर्यायांतून शब्द उचलायचा. तेव्हा मी भेटेल त्याला "हेच वापरा" म्हणून सांगत होतो. आता सांगत नाही. चार ओळींच्या अर्जाला ठीक आहे, पण लग्नपत्रिकेत नावंच नावं असतात आणि त की ट, न की ण, ल की ळ हे ठरवायला दर शब्दाला नजर यादीत घालावी लागते. रोज पानंच्या पानं टाइप करणाऱ्याने सरळ इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला कीबोर्ड, शिकावं.

मराठी इनस्क्रिप्टवर हात बसलेला असेल तर शिकायचं जवळजवळ काहीच नाही. १९८६ साली ठरलेला हा आराखडा आपल्या बहुतेक लिप्यांना एकच आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदलली की त्याच बोटांनी गुजराती उमटायला लागतं. 'कार्यक्रम' शब्द घ्या: के, ई, जे, डी, तिरपी रेघ, के, डी, जे, सी. र नंतर हलन्त दिला की रफार य च्या डोक्यावर चढतो, हलन्तानंतर र दिला की तोच र क च्या पोटात शिरतो. टेराफॉन्ट या जुन्या गुजराती फॉन्टच्या पद्धतीत आधी य, मग रफाराची वेगळी कळ, आणि ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्याही आधी. वेलांटीची ती सवय मोडायला बोटांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला.

जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणाऱ्या आजच्या अक्षर-कोडमध्ये, आणतानाही वेलांटीच नडते. मोफत कन्व्हर्टर आहेत, पण 'व्यक्ति'सारख्या शब्दात वेलांटी पूर्ण जोडाक्षराला न लागता मध्येच अडकते. कन्व्हर्ट केलेलं पान वाचल्याशिवाय छापायला देऊ नका.

फॉन्टवर एक रुपया खर्च झाला नाही. वकिलांच्या फायली श्रुतीत येतात. विंडोज १० पासून श्रुती आपोआप येत नाही, ऑप्शनल फीचर्समधून 'गुजराती सप्लिमेंटल फॉन्ट्स' उतरवून घ्यावे लागतात. तसं केलं नाही तर मशीन दुसरा फॉन्ट लावतं आणि पानांची मांडणी हलते. पत्रिकांना मुक्ता वाणी वापरतो. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फॉन्ट देवनागरी मुक्ताचा भाऊ आहे, त्यामुळे एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती असलेली पत्रिका एका हातची दिसते. मोठ्या मथळ्याला बलू भाई. दोन्ही फुकट.

आता खरं दुखणं. गुजरातीत र हे अक्षर आणि २ हा आकडा जवळजवळ सारखे दिसतात, प आणि ५ सुद्धा. देवनागरीत र ला शिरोरेघ आहे म्हणून निभावतं, गुजरातीला शिरोरेघच नाही. कागदावर काही बिघडत नाही, कॉम्प्युटरमध्ये बिघडतं, कारण तिथे दोघांचे कोड वेगळे. एका सोसायटीची सभासदांची यादी दुरुस्तीला आली. घर नंबर २५ शोधायला दिला, सापडेना. समोर स्क्रीनवर तो नंबर डोळ्यांना दिसतोय आणि मशीन म्हणतंय नाही! आधीच्या ऑपरेटरने आकडे न टाकता र आणि प ही अक्षरं टाकली होती. अख्ख्या यादीत हाच प्रकार, कुठे आकडा, कुठे अक्षर. कितीही बारकाईने प्रूफ वाचा, ही चूक पकडताच येत नाही.

माझा उपाय असा: एक ते शून्य प्रत्येक आकडा आणि त्याला चिकटून र, मग प, असं फाइंडमध्ये एकेक शोधायचं, नंतर उलट क्रमाने. 'रप'सारखा दोन्ही अक्षरांचा नंबर वेगळा शोधायचा. कंटाळवाणं काम आहे, पण नाव-पत्त्याच्या कामात टाळू नका. फॉन्ट घडवणाऱ्यांनी निदान याद्यांच्या कामासाठी हे आकडे जरा वेगळे काढावेत, ही माझी कळकळीची मागणी आहे. तोवर याद्या आणि तारखा मी इंग्रजी आकड्यांतच टाकतो, आणि गुजराती आकड्यांचाच आग्रह असेल तर तपासणीचे पैसे आधीच सांगून वेगळे लावतो.