गोठवलेल्या उंदरांचं पाकीट: माल ताजा, वर्गवारी ढिसाळ

ग्रीन ट्री पायथन हा हिरवा अजगर पाळणाऱ्यांसाठी नागपुरात घरपोच मिळणाऱ्या या पाकिटाला पाचपैकी साडेतीन तारे.

अर्धा तारा वर्गवारीनंच खाल्ला. पाकिटावर 'हॉपर' (उड्या मारू लागलेलं उंदराचं पिल्लू) लिहिलेलं, आत मात्र 6 ग्रॅमचाही उंदीर आणि 15 ग्रॅमचाही. दिवसभर फांदीवर वेटोळं घालून बसणाऱ्या या सापाचं पचन संथ असतं. घास मोठा झाला की तो उलटून टाकतो. वारंवार जास्त खाऊ घातलं तर गुदद्वार बाहेर येण्याचाही धोका. म्हणून प्रत्येक उंदीर काट्यावर मोजून घ्या. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा थोडी कमीच हवी. पिल्लाला आठवड्याने, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी एक. आधीची विष्ठा पडली नसेल तर पुढचं जेवण लांबवा.

माल कसा ओळखायचा? सुटे उंदीर पाकिटात खडखडले पाहिजेत. लालसर बर्फात सगळे एकमेकांना चिकटलेले दिसले, तर वाटेत वितळून पुन्हा गोठलेत. पोट हिरवट पडलेला उंदीर सरळ फेकायचा. खोका मे महिन्यात नागपूरजवळच्या वाडीच्या गोडाऊनात दुपारभर पडून राहिला तर थर्माकोल काय करणार? वर्षभराचा नाही, पण चार-पाच महिन्यांचा साठा थंडीतच मागवा.

पाकिटावरची 'गरम पाण्यात टाका' ही सूचना अर्धवट आहे. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मग बंद पिशवीतून साधारण 40 अंशांच्या पाण्यात अर्धा तास. उकळत्या पाण्यात पोट फुटतं. मायक्रोवेव्हमध्ये आतून शिजतं. बाहेर काढून कोरडा करा आणि डोकं शेवटी पुन्हा गरम करा: ओठांवरच्या खड्ड्यांनी साप उष्णता हेरतो, त्यामुळे झडप डोक्यावरच पडते. अंधार पडल्यावर, लांब चिमट्याने द्या. चिमट्याची टोकं रबराची हवीत. या सापाचे दात लांब, धातूवर आपटून मोडतात. वेटोळं पडताच चिमटा सोडा, ओढू नका. पुढचे दोन दिवस हात लावायचा नाही.

(साप केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेला असावा, हे वेगळं सांगायला नको. भारतीय अजगर पाळणं तर गुन्हाच.)

परतावा मिळतो, पण खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ मागतात. कात्री चालवण्याआधीच मोबाइल सुरू करा.