पिग्मॅलियन (बर्नार्ड शॉ): नाटक भारी, पण शेवटची पानं सोडू नका

५ पैकी ४ स्टार. कापलेला एक पुस्तकाचा नाही, विकणाऱ्याचा. 'नव्यासारखी' म्हणून आलेल्या सेकंडहँड प्रतीत तिसऱ्या अंकापर्यंत हिरव्या पेनाने रेघोट्या, पुढे कोरं, बहुतेक परीक्षा झाली असावी.

मी 'ती फुलराणी'वाली (पुलंनी याच नाटकावरून केलेलं), पुलंची मंजुळा डोक्यात एवढी बसलीये की मूळ नाटक वाचायचं राहूनच गेलं. बोली झेपेल का ही धाकधूक होती, तर शॉनेच एलायझाचं (मूळ नाटकातली फुलवाली, म्हणजे आपली मंजुळाच) बोलणं उच्चाराबरहुकूम लिहायचं चार ओळींत सोडून दिलंय, लंडनबाहेर कोणाला कळणार नाही म्हणे! पुलंनी मंजुळाला असं सोडलं नाही. पण तिचं 'आनि-पानी' ऐकून थेटरात जो हशा पिकतो त्यात मीपण असते, हे वाचताना जरा खुपलं.

कारण साचे तेच आहेत. गरीब पोरगी म्हणजे कळकट, भोकाड पसरणारी आणि सारखी 'मी तसली मुलगी नाही' सांगणारी. बाप कचरेवाला, दारुडा, पोरीचे पाच पौंड घेऊन मोकळा, दहा देऊ केले तर नको म्हणतो कारण जास्त पैसा आला की माणूस जपून वागायला लागतो आणि मजा संपते 😄 पण नाटकातली सगळ्यात हुशार वाक्यं शॉने याच माणसाला दिलीयेत. एलायझा शिकवणीला एक शिलिंग देऊ करते, आपण हसायच्या तयारीत, तर हिगिन्स, म्हणजे तिला शुद्ध बोलायला शिकवणारा प्रोफेसर, हिशोब मांडतो की ही तिच्या दिवसाच्या कमाईची दोन पंचमांश फी झाली, कुठला श्रीमंत एवढी देतो!

हा शहाणा हिशोब बायकांच्या बाबतीत मात्र कुठे जातो कोण जाणे. हिला बड्या घरची बाई म्हणून खपवून दाखवायची पैज जिंकून आल्यावर हिगिन्स आणि त्याचा मित्र कर्नल पिकरिंग एकमेकांची पाठ थोपटतात, जिने राबून जिंकून दिली ती तिथेच बसलीये आणि हिगिन्ससाहेबांना स्वतःच्या सपाता सापडत नाहीत. पुढे त्याच सपाता ती फेकून मारते, हा सीन मी दोनदा वाचला.

आणि तरी लोकांना हिगिन्स-एलायझाचं लग्नच हवं! १९१४ ला लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेला नट शेवटी एलायझाकडे फुलं फेकायचा, शॉ जाम भडकलेला. मग त्याने शेवटाला पानंच्या पानं जोडली, की बाबांनो ती फ्रेडीशी, तिच्यावर लट्टू झालेल्या पोराशी, लग्न करते. ही पानं अजिबात सोडू नका. फ्रेडी गोड आहे पण त्याच्याकडे ना पैसा ना नोकरी, फुलांचं दुकान टाकायला भांडवल कर्नल पिकरिंगचं, आणि दोघांना हिशोब येत नाही म्हणून क्लासला जातात.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "बिननोकरीचा? आणि तिच्या बापाने चालवून घेतलं?"