रीमास्टर केलेली रॉक रेकॉर्ड : कोणती आवृत्ती घ्यावी?

वेष्टनावर चिकटवलेला 'रीमास्टर्ड, 180 ग्रॅम' हा स्टिकर आवाजाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. 180 ग्रॅम हे वजन झालं. जाड रेकॉर्ड सपाट राहण्याची शक्यता थोडी जास्त, एवढंच. खाचेत काय कोरलंय त्याच्याशी वजनाचा संबंध नाही. आणि 'रीमास्टर्ड' म्हणजे खर्ज किती, वरची धार किती, एकूण पातळी किती हे कुणीतरी कशावरून तरी नव्याने ठरवलं. कुणी आणि कशावरून, हे स्टिकरवर नसतं. ते कळलं की निम्मा निर्णय झाला. उरलेला निम्मा प्रेसिंगचा, म्हणजे तुमच्या हातातली प्रत कारखान्यातून कशी निघाली याचा.

'कशावरून'चं उत्तर तीनपैकी एक असतं: मूळ स्टीरिओ मास्टर टेप, त्या टेपची उच्च दर्जाची डिजिटल प्रत, किंवा सीडीसाठी तयार केलेली फाइल. पहिल्या दोनमधला फरक आपण समजतो तितका मोठा नसतो. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या रेकॉर्डांमध्ये वर्षानुवर्षं डिजिटल टप्पा होता हे 2022 साली उघड झालं. तोवर 'शुद्ध अॅनलॉग' म्हणून त्यांचं कौतुक करणाऱ्यांत कसलेले कान कमी नव्हते. ग्राहकांचा राग रास्त होता, पण तो लपवाछपवीवरचा होता.

खरा घात तिसऱ्या प्रकारात होतो. सीडीसाठी चढउतार दाबून आवाज मोठा केलेली फाइल तशीच लेथवर (खाच कोरणाऱ्या यंत्रावर) नेली, तर रेकॉर्डच्या मर्यादेत बसवायला तिची पातळी खाली आणतात. ढोलाचे कापलेले शेंडे मात्र परत येत नाहीत. इथे एक सावधगिरी. इंटरनेटवर दिसणारे रेकॉर्डचे 'डीआर' (डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) आकडे सीडीच्या आकड्यांशी ताडून पाहू नका. एकच फाइल रेकॉर्डवर कापून, वाजवून पुन्हा मोजली तरी कटिंग आणि सुईमुळे लहरींचा आकार बदलतो आणि आकडा फुगतो.

लेड झेपलिन 2

1969 ची पहिली अमेरिकन आवृत्ती बॉब लडविग यांनी कापली. शेवटच्या गाण्यापासून लेबलापर्यंतचा कोरा पट्टा, ज्याला 'डेड वॅक्स' म्हणतात, त्यात हाताने कोरलेली 'आरएल' (रॉबर्ट लडविग) ही अक्षरं तिची ओळख. कटिंग इतकं जोरकस होतं की, लडविग यांनीच सांगितलेल्या हकिकतीनुसार, अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख अहमेट एर्टेगन यांच्या मुलीच्या प्लेअरवर सुई उडाली आणि कंपनीने दबक्या पातळीचं नवं कटिंग करून घेतलं. त्यामुळे 'आरएल' प्रती थोड्या आणि महाग. ड्रमचा दणका आणि बेसचं वजन यात तिला तोड नाही हे खरंच आहे. पण त्या काळी जड आर्मवर (सुई धरणाऱ्या दांड्यावर) वाजवून झिजलेली 'आरएल' प्रत जोराच्या जागी फाटक्या स्पीकरसारखी वाजते. ती झीज धुऊन जात नाही. ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

2014 ची आवृत्ती बँडचे गिटारवादक जिमी पेज यांच्या देखरेखीखाली जॉन डेव्हिस यांनी मास्टर केली, टेपच्या उच्च दर्जाच्या डिजिटल प्रतीवरून. पार्श्वभूमी शांत, गिटारचे थर सुटे. 'आरएल'शेजारी ठेवली तर ड्रम एक पाऊल मागे गेल्यासारखे वाटतात, पण आवाज चेपलेला नाही. मधला पर्याय म्हणजे बर्नी ग्रंडमन यांनी कापलेली क्लासिक रेकॉर्ड्सची आवृत्ती. ती आता जुन्या बाजारातच मिळते आणि भाव चढे असतात. पहिल्यांदाच घेणाऱ्याने 2014 ची घ्यावी. 'आरएल' नसलेली सत्तरच्या दशकातली स्वस्त अमेरिकन प्रत मात्र 'ओरिजिनल' या शब्दावर भाळून घेऊ नये.

द डार्क साइड ऑफ द मून

पिंक फ्लॉइडच्या या अल्बममध्ये मास्टरिंगच्या आधी प्रेसिंगची परीक्षा होते. सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी, जवळजवळ शांततेतून. तिथे प्रत्येक टिकटिक उघडी पडते. पहिल्या बाजूचा शेवट 'द ग्रेट गिग इन द स्काय'ने होतो: क्लेअर टोरी यांचा पूर्ण ताकदीचा आवाज, आणि तोही सर्वांत आतल्या खाचांत, जिथे रेकॉर्ड सर्वांत कमकुवत असते.

1973 ची पहिली ब्रिटिश प्रत (हार्व्हेस्ट कंपनी, कॅटलॉग क्रमांक एसएचव्हीएल 804, लेबलावर भरीव निळा त्रिकोण) ही संग्राहकांची वस्तू झाली आहे. तिच्या किमतीत आवाजाचा वाटा किती आणि त्रिकोणाचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. वाजवण्यासाठी घ्यायची तर सामना 2003 आणि 2016 मध्ये आहे. 2003 ची तिसाव्या वर्षाची आवृत्ती डग सॅक्स आणि केव्हिन ग्रे यांच्या हातची. तिचा खर्ज भरदार आणि वरची बाजू किंचित मऊ. 2016 ची (पीएफआरएलपी 8) जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांची; 'टाइम'मधली घड्याळं आणि 'मनी'तली नाणी तिच्यात जास्त स्पष्ट, खर्ज आटोपशीर. तुमचे स्पीकर आधीच तीक्ष्ण असतील तर 2003 ची शोधा, नाहीतर सहज मिळणारी 2016 ची पुरेशी आहे. 2024 मध्ये पारदर्शक तबकड्यांची दोन रेकॉर्डांची आवृत्ती आली, एका बाजूला खाचा आणि दुसऱ्या बाजूला छापील चित्र. दिसायला देखणी आहे, पण आवाजासाठी तिच्यावर जास्तीचे पैसे घालण्याचं कारण नाही.

अॅबी रोड

बीटल्सच्या या अल्बमबाबत आधी शब्दांचा घोळ सोडवायला हवा. 2012 ची रेकॉर्ड 'रीमास्टर' आहे: 1969 चंच मिश्रण, 2009 च्या डिजिटल कामावरून शॉन मॅगी यांनी कापलेलं. स्रोत 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा, पण सीडीसाठी लावलेला लिमिटर (आवाजाचे शेंडे दाबणारं साधन) त्यात नाही, आणि हा फरक किलोहर्ट्झच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचा. 2019 ची आवृत्ती 'रीमिक्स' आहे: जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी मूळ ट्रॅक सुटे घेऊन पुन्हा मिसळले, माइल्स शोवेल यांनी ते अर्ध्या वेगाने कापलं. तिच्यात बेस आणि ड्रम पुढे येतात, वाद्यांच्या जागा बदलतात. ती जास्त 'चांगली' वाटली तर तो मास्टरिंगचा गुण समजू नका. तुम्ही वेगळं मिश्रण ऐकताय. जुनं मिश्रण कानात मुरलेलं असेल तर 2012 ची. नवी यंत्रणा आणि कोरे कान असतील तर 2019 ची.

2014 च्या मोनो संचाची कीर्ती ऐकून त्यात अॅबी रोड शोधू नका. तो संच थेट अॅनलॉग टेपवरून कापलेला आणि फार सुरेख आहे, पण या अल्बमचं मोनो मिश्रण कधी झालंच नाही.

फ्लीटवुड मॅकच्या 'रूमर्स'बद्दल दोनच वाक्यं. स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे यांनी कापलेली, 45 च्या वेगाची दोन रेकॉर्डांची आवृत्ती परवडत असेल तर बाकीच्यांकडे पाहू नका. नसेल तर 1977 ची नीट जपलेली अमेरिकन प्रत, डेड वॅक्समध्ये 'केपी' ही अक्षरं पाहून.

45 चा वेग आणि अर्ध्या वेगाचं कटिंग

दोन्ही नावं सारखी वाटतात, पण गोष्टी वेगळ्या. 33⅓ च्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते. आत, मध्यापासून 6 सेंटिमीटरवर, फक्त 21. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून शेवटच्या गाण्यात 'स-श'चे फुत्कार होतात. 45 वर त्याच जागी 28 सेंटिमीटर मिळतात, शिवाय दोन रेकॉर्डांवर पसरलेला अल्बम इतक्या आत येतच नाही. हा फायदा साध्या सुईवरही ऐकू येतो. किंमत म्हणजे दर दहा-बारा मिनिटांनी उठणं.

अर्ध्या वेगात लेथ आणि स्रोत दोन्ही निम्म्या गतीने चालतात. 20 किलोहर्ट्झचा आवाज कापताना 10 चाच होतो, कटरवरचा ताण घटतो, झांजा स्वच्छ येतात. पण 40 हर्ट्झचा खर्ज 20 चा होतो आणि तो सांभाळणं कटिंग करणाऱ्याला अवघड जातं. वाजवताना तुम्हाला काहीच बदलायचं नसतं. या पद्धतीवर भरवसा तो माणूस पाहून ठेवावा. स्टिकरवरच्या शब्दावर नको.

घरी दोन प्रती ताडून पाहताना

आधी दोन्ही धुवा, नाहीतर तुलना धुळीची होते. मग पातळी जुळवा. एक डेसिबलने मोठी प्रत कानाला 'जास्त जिवंत' वाटते आणि बहुतेक वाद इथेच चुकीचे सुटतात. फोनो प्रीअँपमधून (रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रातून) दोन्हींचा तोच 30 सेकंदांचा तुकडा संगणकावर घ्या, सरासरी पातळी पाहा आणि फरक व्हॉल्यूमने भरून काढा. जाडी बदलली म्हणून आर्मची उंची बदलत बसू नका: अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने साधारण 23 सेंटिमीटरचा आर्म जेमतेम 0.12 अंश कलतो.

कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) नीट बसलेलं नसेल तर सगळ्याच रीमास्टर आतल्या खाचांत वाईट वाजतील आणि दोष आवृत्तीला लागेल. प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिज जुळवण्याच्या आखीव पट्टीवर) मध्यापासून 66 आणि 121 मिलिमीटरच्या बिंदूंना ते सरळ असलं पाहिजे. ऑडिओ-टेक्निका व्हीएम 95 सारख्या कार्ट्रिजला 2 ग्रॅम वजन द्या, 1.8 च्या खाली गेलात तर जोराच्या जागी सुई खाच सोडते आणि त्यानेच खाच खरवडते. याच कार्ट्रिजवर लंबगोल सुई काढून मायक्रोलिनिअर (जास्त बारीक टोकाची) बसवता येते. 'आय वाँट यू'च्या शेवटी वाढत जाणारा सळसळाट, पहिल्या बाजूच्या अगदी आतल्या टोकाला, त्या बदलानंतर ऐकून पाहा. पुष्कळदा दुसरी आवृत्ती घेण्यापेक्षा सुई बदलणं स्वस्त पडतं.

मुंबईत जुन्या रेकॉर्ड चाळताना कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघालेल्या बीटल्स आणि फ्लॉइडच्या भारतीय प्रती हाती येतात. त्यांतल्या बऱ्याच प्रतींवर ब्रिटनचेच मॅट्रिक्स क्रमांक (डेड वॅक्समधले कटिंगचे क्रमांक) दिसतात, म्हणजे कटिंग तिकडचं. प्लास्टिक आणि प्रेसिंग मात्र इथलं, आणि सुरसुर जास्त. आपल्याकडच्या पावसाळ्यांनी त्यांवर बुरशीचे ठिपके आणलेले असतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून धुतल्यावर ठिपके जातात. खाचेत बुरशीने सोडलेला चरचराट कधी जातो, कधी नाही. लाखेच्या 78 वाल्या रेकॉर्डांना हे अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

नवी प्रत आली की परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन दोष तपासा. भोक मध्यावर नसेल तर आर्म डावी-उजवीकडे डोलताना दिसतो. अर्धा मिलिमीटर चूक आतल्या खाचांत स्वर 0.8 टक्के वर-खाली करते आणि 'ग्रेट गिग'च्या सुरुवातीचा पियानो लगेच आजारी वाटतो. दुसरा दोष, खाच पुरती न भरल्याचा: एकाच बाजूच्या स्पीकरमधून, दर फेरीला, कापड फाटल्यासारखा आवाज, आणि तिरप्या उजेडात तिथे मंद चकाकणारा पट्टा. धुऊन उपयोग नाही. त्या पट्ट्याचा फोटो काढून प्रत बदलून मागा.