सकाळच्या गोडासाठी: सिनॅमन रोल की क्रोसाँ?

आमच्या घरात आईचा हात सिनॅमन रोलवर बसलेला, बाबांचा क्रोसाँवर, म्हणजे लोण्याच्या पापुद्र्यांच्या फ्रेंच पावावर. आता भट्टी मी सांभाळते आणि दोन्ही जीव लावून करते.

क्रोसाँला गारवा लागतो. पीठ आणि लोणी गार हवं, पण लवचिकही. लोणी पिठात गुंडाळून, लाटून तीन वेळा तिहेरी घडी घातली की लोण्याचे २७ थर होतात. शेवटी फुगायला ठेवल्यावर जागा फार उबदार असेल तर लोणी वितळून पाझरतं आणि थर सुटत नाहीत. बाबा ट्रे हळूच हलवून बघायचे. क्रोसाँ थरथरले की लगेच भट्टीत. टोकाचा कुरकुरीत तुकडा माझा!

रोल चुका सांभाळून घेतो. पथ्य एकच: दालचिनी पिठात मळायची नाही, सारणात घालायची. पिठात जास्त झाली तर यीस्ट मंदावतं. आई ट्रेच्या मधला रोल मागे ठेवायची. चहूबाजूंनी झाकलेला, म्हणून सर्वांत मऊ.

घरी पहिल्यांदाच करणार असाल तर मी रोलच सुचवेन. गुंडाळायला मुलांनाही सोबत घेता येतं. क्रोसाँची तयारी आदल्या दिवशीपासून हवी, आणि ते त्याच सकाळी संपवावेत.