मामाचारी : मामाची नव्हे, आईची सायकल

नावाचा घोळ आधी मिटवते. मामाचारीचा आणि आपल्या मामाचा काडीचाही संबंध नाही. जपानीत 'मामा' म्हणजे आई आणि 'चारी' म्हणजे बोलीतली सायकल. पुढे जाळीचं टोपलं, मागे कॅरियर, चेनवर पूर्ण झाकण, आपल्याकडे वळलेलं हँडल आणि साडीतही पाय टाकता येईल असा खाली उतरवलेला दांडा. थोडक्यात लेडीज सायकल, पण जरा जास्तच संसारी. नाव आईचं असलं तरी इथे जपानात ती शाळकरी पोरांपासून टाय लावलेल्या बाप्यांपर्यंत सगळेच हाणतात.

मी साइतामा प्रांताच्या उत्तर टोकाला एका छोट्या गावात इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. इथे आम्हाला 'एएलटी' म्हणतात. जपानी शिक्षक धडा घेतात, मी शेजारी उभं राहून उच्चार म्हणायचे, खेळ घ्यायचे, चुकांना हसायचं नाही. तीन दिवस माध्यमिक शाळा, दोन दिवस दोन वेगवेगळ्या प्राथमिक शाळा. २०२० पासून इथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, त्यामुळे आम्हाला काम भरपूर. ज्या कंपनीमार्फत आले तिने सांगितलं होतं, घरापासून शाळा दहा मिनिटांवर. खोटं नव्हतं ते. मोटारीने दहाच मिनिटं लागतात. माझ्याकडे मोटार नाही, इथलं लायसन्स नाही, आणि भारतीय लायसन्स बदलून घ्यायचं तर लेखी परीक्षा देऊन वर गाडीही चालवून दाखवावी लागते. बस तासाला एक. पहिला आठवडा चालत गेले. रस्ताभर साकुरा, म्हणजे चेरी, फुललेला, आणि माझ्या दोन्ही टाचांना फोड.

सायकल नवी घ्यायची की जुनी, यावर शाळेच्या शिक्षक-खोलीत माझ्याहून जास्त चर्चा इतरांनी केली. मॉलमध्ये नवी पंचवीस हजार येनच्या पुढे होती. शेवटी गल्लीतल्या आजोबांच्या दुकानातून जुनी घेतली, ९,८०० येनना. हे दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग. शटर अर्धं वर, आत टायर टांगलेले, ग्रीसचा वास, रेडिओवर बेसबॉल. मी सांगलीची. जुनी सायकल कशी बघायची ते बाबांनी शिकवलंय: मागचं चाक उचलायचं, पॅडल मारून सोडायचं आणि चाक लचकतंय का ते डोळा लावून बघायचं. मी तसं केलं तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत. फक्त त्यांनी मला दाखवायला काढलेली सायकल परत आत ठेवली आणि मागून दुसरी आणली. हीच ती.

सायकलीबरोबर एक कागद भरावा लागतो. इथे प्रत्येक सायकलची चोरीविरोधी नोंदणी करायची असते. दुकानदारच करून देतो, पाच-सहाशे येन पडतात, आणि दांड्यावर नंबराचं स्टिकर बसतं. आजोबांनी माझं नाव विचारलं. क्षितिजा. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. जपानीत 'क्ष' नाही, जुन्या माणसांच्या तोंडात 'ति'चं 'चि' होतं, म्हणून मी नोंदणीत झाले 'कुशिचिजा'. याची फळं जूनमध्ये भोगली. रात्री स्टेशनवरून येताना एका पोलिसाने थांबवलं, अतिशय अदबीने. नंबर वायरलेसवर कळवला. पलीकडून नाव आलं कुशिचिजा, माझ्या ओळखपत्रावर रोमन लिपीत भलतंच लांब काहीतरी. आम्ही दोघांनी मिळून एकेक अक्षर जुळवलं. दिवसभर मुलांकडून उच्चार घोकून घेणारी बाई रात्री साडेनऊला रस्त्याच्या कडेला स्वतःच्याच नावाचा तास घेत होती. पंधरा मिनिटांनी तो "हो हो, कुशिचिजा-सान" म्हणाला आणि वाकून गेला. नवीन येणाऱ्यांनी एवढं करा: नोंदणीची पावती पाकिटात ठेवा आणि नाव कसं लिहायचं ते घरूनच ठरवून जा.

विम्याचं एका वाक्यात सांगते. साइतामात २०१८ पासून सायकलीचा विमा सक्तीचा आहे, आणि दुकानात वर्षाला एकदा तपासणी करून स्टिकर लावून घेतलं की वर्षभराचा विमा त्यातच येतो.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसले. फेब्रुवारीतली सकाळ. खाली आले तर मागचं चाक जमिनीला टेकलेलं. पहिल्या तासाला पाचवीचा वर्ग. सायकल ढकलत आजोबांकडे गेले, मनात पंक्चरचे पैसे आणि शाळेला करायच्या फोनची वाक्यं जुळवत. आजोबांनी टायरकडे पाहिलंसुद्धा नाही. व्हॉल्व्हवरची टोपी काढली, नट सैल केला, आतली नळी बाहेर ओढली आणि माझ्यासमोर धरली. तिच्यावरचं काळं रबर उभं चिरलं होतं.

"वालट्यूब!" मी मराठीत ओरडले.

आजोबा म्हणाले, "मुशी-गोमु." मुशी म्हणजे किडा, गोमु म्हणजे रबर. किड्याचं रबर. खरंच काळ्या अळीसारखं दिसतं ते. वालट्यूब हा शब्द मी पंधरा वर्षांत तोंडाने उच्चारला नव्हता. सांगलीत कोपऱ्यावरचे सायकलवाले काका वालट्यूब थुंकी लावून चढवायचे. इथे आजोबांनी रबराचं टोक पाण्यात बुडवलं, नळीवर चढवलं, नखाने खाली सरकवलं. बोटांची चाल तीच. मग व्हॉल्व्हकडे बोट दाखवून म्हणाले, "एइशिकी." मला कळेना. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, व्हॉल्व्हकडे केलं: "इंगुरिशु! इंगुरिशु!" एइशिकी म्हणजे इंग्लिश पद्धतीचा. जपानी मामाचारीला हाच व्हॉल्व्ह असतो आणि आपल्या साध्या सायकलींनाही हाच. इंग्रजीच्या बाईला इंग्लिश व्हॉल्व्ह दाखवून आजोबा फार खूश झाले. पैसे घेतले नाहीत. आणखी दोन वालट्यूब कागदात गुंडाळून दिल्या, त्या अजून टोपल्याच्या कप्प्यात आहेत. शाळेत तीन मिनिटं आधी पोचले.

तेव्हा सायकल कुठलीही घ्या, पण मॉलमधून किंवा ऑनलाइन नको. चालत ढकलत नेता येईल इतक्या अंतरावरच्या दुकानातून घ्या. दाराबाहेर हवेचा पंप असतो, कुणीही फुकट मारा. मला इथे आल्यावर पहिल्यांदा नावाने हाक मारली ती याच दुकानातून, भले चुकीच्या नावाने का होईना.

दोष आहेत, लपवत नाही. सायकल भयंकर जड आहे. फ्लॅटच्या दोन पायऱ्या चढवताना कंबर बोलते. गिअर नाहीत. मैदानी भाग असल्याने चढ नाहीत हे खरं, पण हिवाळ्यात उत्तरेकडच्या आकागी डोंगरावरून कोरडा वारा सुटतो, आणि माझी माध्यमिक शाळा बरोबर उत्तरेला. डिसेंबर-जानेवारीत जाताना पस्तीस मिनिटं, येताना अठरा. उन्हाळ्याचं तर विचारूच नका. शेजारच्या कुमागाया शहरात २०१८च्या जुलैमध्ये पारा ४१.१वर गेला होता. आमच्याकडचं ऊन तेच, वर दमटपणा. सांगलीच्या मेमध्ये निदान घाम वाळतो. दिवा जुन्या पद्धतीचा, टायरला टेकणारा डायनामो. तो लावला की वाटतं मागे कुणीतरी डबलसीट बसलंय.

आणि ब्रेक. स्वस्त मामाचारीला मागे पट्ट्याचा ब्रेक असतो, तो किंचाळतो. दाबला की 'कीईईई', दोन गल्ल्यांत ऐकू जावं असं. तेल घालून चालत नाही, मग ब्रेकच लागणार नाही. सुरुवातीला शाळेच्या फाटकापाशी मी शरमेने पाय घासत थांबायचे. मग कळलं, सहावीच्या पोरांनी त्या आवाजावरून माझं येणं ओळखायचं ठरवलंय. एकाने वर्गात विचारलं, सेन्सेई, 'कीई'ला इंग्रजीत काय म्हणतात? मी फळ्यावर 'स्क्वीक' लिहिलं. 'सुकुईकु', 'सुकुईकु' करत वर्ग अर्धा तास माझ्या हाती लागला नाही. त्या तासाचा ठरलेला पाठ होता रस्ता विचारणे: सरळ जा, उजवीकडे वळा. मग तोच असा घेतला की कोपरा आला की सगळ्यांनी ब्रेक दाबायचा.

पावसाचं लक्षात ठेवा. एका हातात छत्री धरून सायकल चालवायची नाही. पूर्वीही गुन्हाच होता, आता १ एप्रिल २०२६ पासून सायकलवाल्यांना जागेवर दंडाची पावती मिळते. छत्रीला ५,००० येन, चालवताना फोन हातात दिसला तर १२,०००. म्हणून रेनकोट घ्या. त्याला इथे 'काप्पा' म्हणतात, शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. पावाला 'पान' म्हणतात, तोही तिथूनच. आपला पावसुद्धा त्याच जहाजांतून उतरला, हे मी काप्पा घालून पाव आणायला जाताना दर वेळी आठवते आणि सांगायला शेजारी कुणी नसतं. हेल्मेट २०२३ पासून सगळ्यांनी घालावं असं कायदा म्हणतो. न घातलं तर दंड नाही, पण पांढरी हेल्मेटं घातलेली आपलीच मुलं सिग्नलला शेजारी येऊन उभी राहतात तेव्हा मोकळं डोकं लपवता येत नाही. मी तिसऱ्या दिवशी घेतलं.

पाचपैकी चार. एक गुण वाऱ्याने नेला. ब्रेकचा मी कापत नाही. आजोबा म्हणतात, नवीन न किंचाळणारा बसवून देतो. मी सांगितलंय, मार्चमध्ये सहावीची मुलं शाळा सोडून जातील, त्यानंतर बघू.

उंची पाच फूट चारच्या वर असेल तर सीटची नळी लांब मागून घ्या, असते त्यांच्याकडे. दुकान बुधवारी बंद. पहिल्यांदा मी गेले होते ती बुधवारीच.